आय-स्क्वेअर ९२ टक्के: मग ही सरासरी कोणाची?

सामुदायिक वैद्यकशास्त्रात एमडी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: बीसीजी लशीच्या १३ चाचण्यांचं मेटा-विश्लेषण (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून काढलेला निष्कर्ष) वाचलं. लस क्षयरोगाचा धोका निम्म्यावर आणते असा निकाल आहे, पण आय-स्क्वेअर, म्हणजे चाचण्यांमधल्या फरकापैकी योगायोगापलीकडचा वाटा, ९२ टक्के. ७५ च्या वर गेलं की विश्लेषण बाद समजायचं, असं शिकवलं जातं. मग हे बाद समजायचं का?

बाद समजू नका. पण तो निम्म्याचा आकडाही जसाच्या तसा उचलू नका. अभ्यासांमधली विषमता, म्हणजे ज्याला आपण बोलताना हेटेरोजेनिटी म्हणतो, ती बहुतेक वेळा विश्लेषणातली सगळ्यात कामाची माहिती असते. विश्वास ठेवावा की नाही, हे विषमता किती आहे यापेक्षा तिचं कारण सापडतं का आणि तुमचा रुग्ण त्या पसाऱ्यात कुठे बसतो, यावर ठरतं. तुम्ही उदाहरण उत्तम निवडलं आहे, म्हणून त्यातच खोल जाऊ. ही आकडेवारी ‘आर’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधल्या मेटाफॉर पॅकेजबरोबर सरावासाठी मिळते. पुढचे आकडे स्वतः काढून पाहा.

आधी एकत्रित आकडा झाकून ठेवा आणि फॉरेस्ट प्लॉटच्या (प्रत्येक चाचणीचा निकाल एका ओळीत दाखवणाऱ्या आलेखाच्या) ओळी वाचा. कॅनडातल्या चाचणीत सापेक्ष धोका (लस घेतलेल्यांचा धोका भागिले न घेतलेल्यांचा, १ म्हणजे फरक नाही) ०.२०. इंग्लंडमधल्या शालेय शिक्षण संपवणाऱ्या मुलांवरच्या चाचणीत ०.२४. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरच्या मोठ्या चाचणीत ०.४६. पोर्तो रिकोत ०.७१, आंध्रातल्या मदनपल्लीत ०.८०. आणि तमिळनाडूतल्या चिंगलपटच्या प्रचंड चाचणीत १.०१: लस घेतलेल्या ८८,३९१ जणांत ५०५ रुग्ण, न घेतलेल्या तितक्याच लोकांत ४९९. म्हणजे ८० टक्के संरक्षणापासून शून्यापर्यंत. यादृच्छिक योगायोगाने इतका फरक पडत नाही: चाचण्यांमधला फरक मोजणारा क्यू १५२, आणि स्वातंत्र्यांश (चाचण्यांच्या संख्येपेक्षा एक कमी) १२. सगळीकडे एकच परिणाम असता तर क्यू १२ च्या आसपास असायला हवा होता.

आता एकत्रित आकडा उघडा. फिक्स्ड-इफेक्ट पद्धतीने (सगळीकडे खरा परिणाम एकच मानून) तो ०.६५ येतो (९५ टक्के विश्वासांतर ०.६० ते ०.७०), रँडम-इफेक्ट्सने (खरा परिणाम ठिकाणागणिक वेगळा मानून) ०.४९ (०.३४ ते ०.७०). चाचण्या त्याच, रुग्ण तेच, तरी एकीकडे ३५ टक्के संरक्षण आणि दुसरीकडे ५१. हा फरक कुठून आला ते कळलं की अर्धा विषय कळला.

फिक्स्ड-इफेक्टमध्ये वजन म्हणजे चाचणीच्या प्रचरणाचा (व्हेरियन्स, निकालातल्या अनिश्चिततेचं माप) व्यस्त. चिंगलपटचं प्रचरण जेमतेम ०.००४, म्हणून एकट्या तिच्याकडे ४१ टक्के वजन जातं. रँडम-इफेक्ट्समध्ये प्रत्येक प्रचरणात टाऊ-स्क्वेअर, म्हणजे अभ्यासांमधल्या खऱ्या फरकाचं प्रचरण, मिळवतात आणि मग व्यस्त घेतात. इथे टाऊ-स्क्वेअर ०.३१ आहे. ०.००४ मध्ये ०.३१ मिळवल्यावर चिंगलपटचं मोठेपण विरघळून जातं आणि तिचं वजन १० टक्क्यांवर येतं. उलट अमेरिकेतली एक अगदी कमी रुग्णांची चाचणी (एका गटात ५, दुसऱ्यात ३) ०.३ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर चढते. विषमता फार असली की रँडम-इफेक्ट्स हळूहळू ‘एक चाचणी, एक मत’ अशा सरासरीकडे सरकतं.

म्हणूनच ‘विषमता जास्त होती, म्हणून रँडम-इफेक्ट्स वापरलं’ हे वाक्य शोधनिबंधात वाचलं की सावध व्हावं. हे प्रतिमान विषमता दूर करत नाही. सगळ्या चाचण्या एकाच माळेचे मणी आहेत आणि त्यांचे खरे परिणाम एका मध्याभोवती पसरले आहेत, असं ते फक्त गृहीत धरतं. मध्य काढायला ते बरं आहे, पण लस चिंगलपटला का चालली नाही, हे ते सांगत नाही.

आय-स्क्वेअरबद्दलचा गैरसमज मात्र नीट खोडायला हवा, कारण तो फार पसरला आहे. चाचण्यांच्या निकालांत दिसणाऱ्या एकूण फरकापैकी किती टक्के फरक योगायोगापलीकडचा आहे, एवढंच तो सांगतो. परिणाम किती पसरले आहेत, ते सांगत नाही. समजा टाऊ-स्क्वेअर ०.०२ आहे. प्रत्येक चाचणीत दोन्ही गटांत २५-२५ घटना असतील, तर प्रचरण साधारण ०.०८, आणि आय-स्क्वेअर ०.०२ भागिले ०.१०, म्हणजे २० टक्के. त्याच चाचण्या मोठ्या करून गटात ५००-५०० घटना आणा: प्रचरण ०.००४, आय-स्क्वेअर ८३ टक्के. परिणामांचा खरा पसारा दोन्हीकडे तोच, तरी पहिल्याला परीक्षक ‘किरकोळ’ म्हणतील आणि दुसऱ्याला ‘भयंकर’. चाचण्या अचूक झाल्या म्हणून आय-स्क्वेअर वाढतो, ही गोष्ट ७५ ची रेघ मारणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. कोक्रेन या वैद्यकीय आढावे करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शिकेतले टप्पेही (० ते ४०, ३० ते ६०, ५० ते ९०, ७५ ते १००) मुद्दाम एकमेकांवर चढवलेले आहेत, काटेकोर रेघ तिथेही नाही.

उलट बाजूही तितकीच घातक. पाच चाचण्या आहेत, आय-स्क्वेअर शून्य, आणि लेखक लिहितात ‘अभ्यासांत विषमता आढळली नाही’. त्या शून्याचं ९५ टक्के विश्वासांतर काढलं तर वरची मर्यादा ७९ टक्के येते. तीन चाचण्या असतील तर जवळपास ९०. म्हणजे विषमता नाही असं काही सिद्ध झालेलं नाही. ती शोधायची ताकद विश्लेषणात नव्हती. क्यू-चाचणीचंही तेच, म्हणून तिथे पी-मूल्याची मर्यादा ०.०५ ऐवजी ०.१० घ्यायची पद्धत आहे. आणि सगळ्या चाचण्या एकाच दिशेने चुकलेल्या असतील (कोणाला काय दिलं हे सगळ्यांना माहीत, निदान रुग्णाच्या सांगण्यावर), तर निकाल छान जुळतात आणि आय-स्क्वेअर शून्यच येतो. एकमत आहे म्हणून खरं आहे असं होत नाही.

मग पाहायचं काय? टाऊ, आणि त्यावरून निघणारं भाकीत-अंतर. विश्वासांतर सांगतं की सरासरी कुठे आहे. उद्या नव्या ठिकाणी, तशाच प्रकारच्या लोकसंख्येत चाचणी केली तर खरा परिणाम कुठे असू शकेल, हे भाकीत-अंतर सांगतं. बीसीजीत विश्वासांतर ०.३४ ते ०.७० आहे, म्हणजे लस नक्की उपयोगी वाटते. भाकीत-अंतर आहे ०.१५ ते १.५५. मोजक्या चाचण्यांसाठी योग्य असं टी-वितरण घेतलं (११ स्वातंत्र्यांश, गुणक २.२०) तर ०.१३ ते १.७८. ‘सरासरीने धोका निम्मा’ आणि ‘एखाद्या ठिकाणी काहीच उपयोग नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. डॉक्टरला किंवा आरोग्य अधिकाऱ्याला दुसरं वाक्य जास्त लागतं, आणि सारांशात बहुधा पहिलंच छापलेलं असतं. भाकीत-अंतर छापलेलं नसेल तर स्वतः काढा: टाऊ-स्क्वेअर आणि सरासरीच्या प्रमाण-त्रुटीचा (स्टँडर्ड एरर) वर्ग यांची बेरीज, तिचं वर्गमूळ, गुणिले टी, आणि ते सरासरीच्या दोन्ही बाजूंना. हे सगळं लॉगमध्ये करायचं आणि शेवटी परत फिरवायचं. पाचांपेक्षा कमी चाचण्या असतील तर मात्र हे अंतर इतकं डळमळीत असतं की न काढलेलं बरं.

टाऊ-स्क्वेअर कोणत्या पद्धतीने काढला, हेही पाहा. रेव्हमॅन या कोक्रेनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या पाचव्या आवृत्तीत डरसिमोनियन-लेअर्ड हीच पद्धत होती. चाचण्या थोड्या असल्या की ती विश्वासांतर गरजेपेक्षा अरुंद दाखवते. रेमल ही टाऊ-स्क्वेअर काढायची दुसरी पद्धत आणि तिच्या जोडीला विश्वासांतर दुरुस्त करणारी हार्टुंग-क्नॅप सुधारणा, हा आज जास्त सुरक्षित मार्ग. फक्त टाऊ-स्क्वेअर शून्य आलेला असेल तर हार्टुंग-क्नॅप कधीकधी उलट अंतर आणखी अरुंद करते, तेवढं तपासा.

कारण शोधायला लागण्याआधी एक कंटाळवाणं काम आहे: टंकनाच्या आणि आकडे उचलण्याच्या चुका. अचानक दिसणारी प्रचंड विषमता पुष्कळदा इथेच संपते. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे प्रमाण-त्रुटी ही प्रमाण-विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) म्हणून भरणं. १०० रुग्णांच्या गटात प्रमाण-त्रुटी २ असेल तर प्रमाण-विचलन २० असतं. तिथे २ भरलं की त्या गटाचं प्रचरण शंभरपट कमी होतं आणि ती चाचणी सगळ्यांना झाकून टाकते. दुसरी चूक एककांची: ग्लुकोज एकीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि दुसरीकडे मिलिमोल, यात १८ पटींचा फरक. तिसरी, मोजपट्टीची दिशा: एका प्रश्नावलीत जास्त गुण म्हणजे जास्त वेदना, दुसरीत जास्त गुण म्हणजे आराम. चौथी, तीन गटांच्या चाचणीतला एकच नियंत्रण गट दोनदा मोजणं. आणि पाचवी, गावंच्या गावं वाटून केलेली गुच्छ-चाचणी साधी चाचणी समजून भरणं, ज्याने तिचं प्रचरण खोटं लहान होतं. एखादी चाचणी बाकीच्यांपासून दूर उडालेली दिसली की मूळ लेखाचा तक्ता आधी उघडा.

यानंतर मापाचा प्रश्न. काही विषमता रोगातली नसते, आपण निवडलेल्या मापातून येते. बीसीजीच्या नियंत्रण गटांतला मूळ धोकाच पाहा: चिंगलपटला ०.५६ टक्के, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत २५.६ टक्के. पंचेचाळीस पट फरक. सापेक्ष धोक्याने इंग्लंडची चाचणी (०.२४) त्या अमेरिकन चाचणीपेक्षा (०.४६) सरस दिसते. पण धोक्यातली प्रत्यक्ष घट मोजली तर इंग्लंडमध्ये शंभरात दीड, अमेरिकेत शंभरात १४. एक रुग्ण टाळायला इंग्लंडमध्ये ६८ जणांना लस द्यावी लागली, अमेरिकेत ७ जणांना. क्रम उलटा झाला! त्यामुळे एकत्र करताना सहसा सापेक्ष माप घ्यावं, ते ठिकाणागणिक कमी बदलतं, आणि नंतर आपल्या भागातला मूळ धोका त्याला लावून प्रत्यक्ष फायदा काढावा. प्रत्यक्ष घटीचीच सरासरी काढली तर ती कोणाच्याच उपयोगाची राहत नाही.

आता खरा मुद्दा, कारण. १९९४ मध्ये कोल्डिट्झ आणि सहकाऱ्यांनी या चाचण्या अक्षांशाप्रमाणे मांडल्या. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितकी लस जास्त प्रभावी. रेमलने मेटा-प्रतिगमन (चाचणीच्या एखाद्या गुणधर्मावरून तिच्या निकालाचा अंदाज बांधणारं गणित) केलं तर अक्षांश घातल्यावर टाऊ-स्क्वेअर ०.३१ वरून ०.०८ वर येतो, म्हणजे चाचण्यांमधल्या फरकाचा तीन-चतुर्थांश भाग समजतो. १३ अंशांवर अपेक्षित सापेक्ष धोका ०.८८, ५२ अंशांवर ०.२८. ज्याला ‘बाद’ म्हणायचं होतं, त्याच विश्लेषणाने पाहा केवढी गोष्ट सांगितली.

पण इथेच थांबून टाळ्या वाजवू नका. अक्षांश लशीला काही करत नाही, तो दुसऱ्या कशाची तरी खूण आहे. उष्ण प्रदेशात मातीपाण्यातल्या इतर मायकोबॅक्टेरियांशी लहानपणापासून संपर्क येतो. त्यातून काही प्रतिकारशक्ती आधीच येते आणि लशीला दाखवायला जागा उरत नाही, हे एक स्पष्टीकरण. शिवाय जुन्या चाचण्या बहुतांशी उत्तरेकडच्या आहेत, म्हणजे काळ आणि अक्षांश एकमेकांत गुंतलेले आहेत. वाटपाची पद्धतही सारखी नाही: १३ पैकी ७ यादृच्छिक, बाकीच्या आलटून-पालटून किंवा ठरावीक क्रमाने. आणि अक्षांश लावूनही आय-स्क्वेअर ६८ टक्के उरतोच. मुंबई १९ अंशांवर आहे. हैतीची चाचणीही १९ वर, तिथे सापेक्ष धोका ०.२०, पोर्तो रिको १८ वर, तिथे ०.७१. त्या सरळ रेषेवरून ‘मुंबईत इतके टक्के संरक्षण’ असं काढणं चूक आहे ते यामुळे.

पुढचं पाऊल २०१४ च्या आढाव्यात पडलं. तिथे जास्त चाचण्या घेतल्या आणि दोन गोष्टी वेगळ्या केल्या: लस कोणत्या वयात दिली, आणि देण्याआधी ट्युबरक्युलिन चाचणी (क्षयजंतूंशी आधी संपर्क आला का ते पाहणारी त्वचेवरची चाचणी) किती काटेकोर करून आधीच संवेदित झालेल्यांना वगळलं. काटेकोर चाचणी केलेल्या शालेय मुलांत फुप्फुसाच्या क्षयाचा सापेक्ष धोका ०.२६ होता, नवजात बाळांत ०.४१. लस कोऱ्या शरीरात चालते, आधीच संपर्क आलेल्यात फारशी नाही, असं हे चित्र आहे. अक्षांशापेक्षा हे स्पष्टीकरण कितीतरी कामाचं, कारण लस कधी द्यायची हे आपल्या हातात आहे.

परिणाम कोणता मोजला, हाही विषमतेचा मोठा झरा. मोठ्यांमधला फुप्फुसाचा क्षय आणि बाळांमधला क्षयजन्य मेंदूज्वर या एकाच लशीच्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. २००६ च्या मेटा-विश्लेषणात बालकांतल्या मेंदूज्वराविरुद्ध संरक्षण ७३ टक्के आणि मिलिअरी (शरीरभर पसरलेल्या) क्षयाविरुद्ध ७७ टक्के होतं. चिंगलपटचा शून्य ठाऊक असूनही आपल्याकडे जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजी टोचतात, त्यात विसंगती नाही ती यामुळे. दोन्ही परिणाम एकाच फॉरेस्ट प्लॉटमध्ये कोंबले असते तर हे दिसलंच नसतं.

कारणं शोधताना शिस्त मात्र हवी. उपगट आधी ठरवून नोंदवलेले असावेत, आणि थोडेच. मेटा-प्रतिगमनात प्रत्येक घटकामागे किमान १० चाचण्या हव्यात, म्हणजे आपल्या १३ चाचण्यांत एक घटक, फार तर फार. चाचणीतल्या लोकांचं सरासरी वय आणि परिणाम यांचा संबंध दिसला, म्हणून म्हाताऱ्या रुग्णाला औषध कमी लागू पडतं असं होत नाही. त्यासाठी प्रत्येक रुग्णाची माहिती लागते. मागाहून उपगट पाडत बसलं तर काय मिळतं, याचा नमुना १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत आहे. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन स्पष्टपणे जीव वाचवत होतं, पण जन्मतारखेच्या राशीप्रमाणे वाटणी केल्यावर मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ते किंचित अपायकारक दिसलं. लेखकांनी ते मुद्दाम छापलं. आपल्याकडे कोणी तेवढ्यावरून औषध बदललं असतं तर नवल नाही.

एक धोका अजून राहिला, आणि तो बीसीजीत नीट दिसत नाही: लहान चाचण्या एका बाजूला आणि मोठ्या दुसऱ्या बाजूला. हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून मॅग्नेशियम देण्याचं उदाहरण घ्या. १९९१ च्या मेटा-विश्लेषणात ७ लहान चाचण्या, १,३०१ रुग्ण: मॅग्नेशियम गटात २५ मृत्यू, नियंत्रण गटात ५३. शक्यता-गुणोत्तर (ऑड्स रेशो) ०.४४. मग १९९५ मध्ये आयसिस-४ आली, ५८,०५० रुग्णांची. मृत्यू २,२१६ विरुद्ध २,१०३, म्हणजे मॅग्नेशियमवाले थोडे जास्तच. पुढे कोक्रेनने सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा फिक्स्ड-इफेक्टने ०.९९ आलं आणि रँडम-इफेक्ट्सने ०.६६! वर पाहिलेलं वजनाचं गणितच इथे उलटलं: विषमतेमुळे आयसिस-४ चं वजन खाली आलं आणि लहान चाचण्या पुढे आल्या. नकारार्थी निकालाच्या लहान चाचण्या छापल्याच जात नाहीत, त्यामुळे छापलेल्या लहान चाचण्यांना जास्त वजन देणं म्हणजे त्या पक्षपातालाच वजन देणं. ‘रँडम-इफेक्ट्स नेहमी सावध असतं’ हा समज इथे तुटतो. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी ठेवा. ते लक्षणीय वेगळे असतील तर फनेल प्लॉट, म्हणजे लहान आणि मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच बाजूला झुकतात का ते दाखवणारा आलेख, काढा (तो झुकाव तपासणारी एगरची चाचणी १० चाचण्यांखाली करू नका) आणि एकत्रित आकड्याऐवजी सगळ्यात मोठ्या, नीट केलेल्या चाचणीला जास्त किंमत द्या.

एकेक चाचणी गाळून पाहायचं तंत्र उपयोगी आहे, पण त्याचा दुरुपयोगही फार होतो. आय-स्क्वेअर खाली येईपर्यंत चाचण्या वगळत जाणं म्हणजे निकाल हवा तसा कापून घेणं. वगळायला चाचणीच्या पद्धतीतला दोष हवा, तिचा निकाल बाकीच्यांशी जुळत नाही हे कारण चालत नाही. बीसीजीत तसंही साधणार नाही. चिंगलपट गाळली तरी आय-स्क्वेअर ८० च्या वरच राहतो.

तुमच्या जर्नल क्लबसाठी आता हे असं मांडा: सापेक्ष धोक्याची सरासरी ०.४९, भाकीत-अंतर ०.१३ ते १.७८, टाऊ-स्क्वेअर ०.३१, अक्षांशाने त्यातला बराच भाग समजतो पण सगळा नाही. पुराव्याची खात्री ठरवायच्या ग्रेड पद्धतीत ‘सर्व वयांत, सर्व ठिकाणी क्षय टळतो’ या विधानाची खात्री विसंगतीपोटी एक किंवा दोन पायऱ्या उतरवा. ‘लहान बाळांत मेंदूज्वर आणि मिलिअरी क्षय टळतो’ हे विधान वेगळं घ्या, त्याला ही विसंगती लावू नका. आणि परिणामांची दिशाच बदलते आहे की फक्त मात्रा, हे एका वाक्यात जरूर लिहा. सगळ्या चाचण्या फायदा दाखवत असतील, कुणी २० टक्के तर कुणी ७०, तर आय-स्क्वेअर ९० असला तरी निर्णय बदलत नाही. काही १ च्या रेषेच्या अलीकडे आणि काही पलीकडे असतील आणि कारण सापडत नसेल, तर फॉरेस्ट प्लॉटच्या तळातला हिरा, म्हणजे एकत्रित आकड्याची खूण, काढूच नका. ओळी तेवढ्या छापा.